लॅम्पून, शिमगा आणि परशुरामाला नोटीस



लॅम्पून या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणावं, असा प्रश्न आपल्याकडच्या लिहित्या पोरांनी टाकला आहे. कोश उघडला तर टवाळी, निंदालेख, उपहास असं काहीबाही सापडतं. पण कोश अर्थ देतो, पत्ता देत नाही. शब्द कुठल्या घरात जन्मला, कुणाच्या तोंडात वाढला, हे कळल्याशिवाय तो आपण वापरायचा की नाही ते ठरत नाही. आणि ठरवणं तर भाग आहे. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, टिंगलीचं चित्र दोन मिनिटांत गावभर फिरतं. टिंगल आपण करतो आणि आपलीही होते. तेव्हा एकदा याचा हिशेब मांडू.

१. दारूच्या बैठकीतला शब्द

हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात आला, तो फ्रेंचमधून. फ्रेंच दारूच्या गाण्यांत ध्रुपदाला 'लांपों' असा शब्द यायचा. अर्थ, चला, ढोसूया. बहुधा त्यावरूनच नाव पडलं, असं कोशकार म्हणतात. म्हणजे चार यार बसलेत, पेले भरलेत, एक जण कुणा बड्याच्या नावानं कडवं रचतोय आणि बाकीचे 'लांपों' करून झील धरतायत. हे त्याचं जन्मघर.

त्याचे शेजारीही बघा. सटायर हा शब्द लॅटिनमधला, मूळ अर्थ मिसळीचं भरलेलं ताट. पॅरडी ग्रीक, मूळ गाण्याच्या शेजारी गायलेलं गाणं. पास्किनाडची गोष्ट वेगळीच. रोममध्ये १५०१ साली एका चौकात एक मोडका जुना पुतळा उभा केला, लोक त्याला पास्किनो म्हणू लागले. रात्री येऊन पोपच्या नि बड्या धर्माधिकाऱ्यांच्या विरोधातल्या ओळी त्याच्यावर चिकटवायचे. माणसाला बोलायची चोरी, म्हणून दगडाला बोलायला लावलं.

या सगळ्यांत लॅम्पूनचा स्वभाव तिखट. सटायर समाजाच्या वागण्यावर बोट ठेवतं, पॅरडी एखाद्या लिखाणाची नक्कल करते. लॅम्पून थेट माणसाला धरतं, नाव घेऊन. इंग्लंडात दुसऱ्या चार्ल्सच्या दरबारात रोचेस्टर नावाचा उमराव होता. त्यानं खुद्द राजावर असलं कवन लिहिलं आणि ते राजाच्याच हाती पडलं. शिक्षा काय? काही दिवस दरबारातून बाहेर. मग परत मेजवानीला हजर. आता ड्रायडन बघा. राजकवी होता, पण उमराव नव्हता. १६७९ च्या डिसेंबरात लंडनच्या एका बोळात भाडोत्री गुंडांनी त्याला बेदम मारलं, एका निनावी उपहासकवितेपायी. ती कविता बहुधा त्याची नव्हतीच. पुढं १६९३ साली याच ड्रायडननं सटायरवर मोठा निबंध लिहिला. त्यात त्यानं बजावलं की लॅम्पून हे धोक्याचं हत्यार आहे, दुसऱ्याच्या अब्रूवर आपला नैतिक हक्क नाही. सूट त्यानं फक्त दोन वेळा दिली. ज्यानं आपला घोर अपमान केला त्याच्याबाबत, आणि जो सगळ्या समाजालाच उपद्रव झालाय त्याच्याबाबत.

उमरावानं टिंगल केली तर ती गंमत ठरते, कवीनं केली असा नुसता संशय आला तरी हाडं मोडतात. टिंगलीची किंमत शब्दांवर ठरत नाही, बोलणारा कुठल्या पायरीवर उभा आहे त्यावर ठरते. ही गोष्ट आपल्याला इंग्लंडातून शिकायची गरज नाही म्हणा. पण शब्दाच्या इतिहासातच ती आहे, हे ध्यानात असू द्या.

२. शिमगा गेला, कवित्व राहिलं

आता आपल्या रत्नागिरीकडं या. मी म्हणतो, लॅम्पूनचा सख्खा भाऊ कोकणात आहे आणि त्याचं नाव आहे शिमग्यातलं कवित्व. 'शिमगा गेला, कवित्व राहिलं' ही म्हण सगळ्यांच्या तोंडी असते. हे कवित्व म्हणजे काय? होळीभोवती बोंब मारून कुणाकुणाच्या नावानं म्हटलेल्या शिव्यांच्या ओळी. तिकडं दारू, इकडं होळी. तिकडं झील, इकडं बोंब. एरवी खोताच्या समोर मान वर न करणारा माणूस त्या रात्री त्याच्या नावानं बोंबलू शकतो. नमन-खेळ्यांत काळा झगा आणि उंच टोपी घालून संकासूर नाचतो, लोकांच्या अंगावर धावतो, चेष्टा करतो. सगळं चालतं.

चालतं खरं, पण किती दिवस? शिमगा संपेपर्यंत. पालखी देवळात गेली की खोत खोत होतो आणि कूळ कूळ. मानकऱ्यांचा मान जागच्या जागी राहतो. उलट त्या मानावरून तंटे होतात, पोलीस बंदोबस्त लागतो. म्हणजे वर्षभराची वाफ एका रात्रीत सोडून द्यायची आणि भांडं पुन्हा चुलीवर ठेवायचं. वरच्यानं दिलेल्या परवान्यातलं हसू ते. १९५६ च्या धर्मांतरानंतर आपल्या वाड्यांनी गावकीची कामं टाकली. त्या कामांबरोबर हा परवानाही टाकला, आणि बरंच झालं. परवान्यावर हसणाऱ्याला परवाना देणाऱ्याचं ऐकावंच लागतं.

रत्नागिरीच्या तिरकस बोलण्याचं मराठी साहित्यात फार कौतुक आहे. पु. ल. देशपांड्यांचा अंतू बर्वा सगळ्यांना ठाऊक. 'व्यक्ती आणि वल्ली' १९६२ साली आलं, तेव्हापासून रत्नागिरी म्हटलं की मधली आळी आणि तिथले खवचट म्हातारे. लिखाण चांगलं आहे, त्या म्हाताऱ्याच्या खवचटपणाखाली दारिद्र्य आणि एकटेपण आहे, हे नाकारायचं कारण नाही. पण मला विचारायचंय ते वेगळं. तिरकस बोलणं काय एका आळीतच पिकतं? आपल्या वाडीतल्या म्हाताऱ्या बाया मुंबईहून आलेल्या मनिऑर्डरीवर, गिरणीतल्या मुलावर, गावच्या पाटलावर जे बोलायच्या ते काय कमी धारेचं होतं? ते कुणी टिपलं नाही. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं तेव्हा पांढरपेशा वाचकाला त्यातलं दुःख तेवढं दिसलं. त्यातलं स्वतःवर आणि जगावर केलेलं कडू हसू किती समीक्षकांनी मोजलं? आमच्या लिखाणात त्यांना अश्रू हवे असतात. आम्ही हसलो की ते बावचळतात. कारण रडणाऱ्याला सहानुभूती देऊन सुटता येतं. हसणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

३. विडंबन आणि विटंबना

आता मराठी शब्दाकडं. संस्कृतात विडम्बन, विडम्बना असा शब्द आहे. अर्थ नक्कल करणं, थट्टा करणं, आणि छळणंसुद्धा. मराठीत येता येता त्याचे दोन शब्द झाले. एक विडंबन, दुसरा विटंबना. मूळ एक, पण वाटणी बघा कशी झाली.

विडंबन गेलं साहित्यात. केशवकुमार या नावानं अत्र्यांनी 'झेंडूची फुले' लिहून कवींची टर उडवली, ते विडंबन. गॅदरिंगला, दिवाळी अंकात, चहाच्या टेबलावर होतं ते विडंबन. आणि विटंबना? ती आली आपल्या वाट्याला. पेपरात 'विटंबना' हा शब्द दिसला की पुढं काय असणार ते आपल्याला न वाचता कळतं. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सापडला. लोक जमले, पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. रोममध्ये लोकांनी पुतळ्याला जीभ दिली, आपल्याकडं पुतळ्याच्या गळ्यात चपला. दोन्हीकडं अंधारात येऊन केलेलं काम. पण तिथं अंधार घेतला तो पोपच्या सत्तेला घाबरून, आणि इथं अंधार घेतला तो ज्यांच्याकडं सत्ता नाही त्यांना दुखवायला.

१९७२ साली राजा ढाल्यांनी याच शब्दाला हात घातला. 'साधना'च्या १५ ऑगस्टच्या अंकातला त्यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख. राष्ट्रध्वजाच्या अवमानाला ३०० रुपये दंड आणि ब्राह्मणगावात दलित बाईला नागवं करणाऱ्यांना ५० रुपये, हे दोन आकडे त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. गदारोळ उठला तो ध्वजाच्या विटंबनेवरून. बाईची विटंबना पन्नास रुपयांत मिटली होती, त्यावर गदारोळ करायला कुणाला सवड नव्हती. ढाल्यांनी शिव्या दिल्या म्हणून ओरड झाली, पण त्या लेखाची खरी ताकद शिवीत नाही, त्या बेरीज-वजाबाकीत आहे. सरकारचेच दर सरकारला वाचून दाखवले.

तेव्हा लॅम्पूनला मराठीत काय म्हणायचं, याचं माझं उत्तर असं. टिंगल खालून वर जाते तेव्हा ते विडंबन. वरून खाली येते तेव्हा ती विटंबना. एकाच मुळाचे दोन शब्द मराठी समाजानं आपल्याकरता जपून ठेवलेत, ते नीट वापरा. एका शाळेच्या कार्यक्रमात मी बघितलेली नाटुकली सांगतो. एका पोराला फाटका सदरा घालून, 'आमच्या' बोलीत बोलायला लावलं, आणि पुढच्या खुर्च्या पोट धरून हसल्या. शिक्षक म्हणाले, विनोदी होतं हो. विनोदी होतं, विडंबन नव्हतं. त्या पोराच्या बोलीवर हसताना त्या खुर्च्यांची जागा जरासुद्धा हलत नव्हती.

४. परशुरामाला नोटीस

मराठीत लॅम्पून शोधायला लोक श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याच्या पोह्यां'पासून सुरुवात करतात. मी अलीकडं यायच्या ऐवजी मागं जातो. १८७३ साली जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' आलं. जोतीराव आणि धोंडीबा यांचा संवाद आहे. दशावतारांतला एकेक अवतार घेऊन त्याची चिरफाड केली आहे. मासा, कासव, डुक्कर, नरसिंह, वामन, आणि मग परशुराम. परशुरामापाशी आल्यावर जोतीरावांनी जे केलं ते मराठीतलं पहिल्या दर्जाचं लॅम्पून आहे असं माझं मत आहे. त्यांनी परशुरामाला नोटीस काढली!

नोटिशीवर १८७२ ची तारीख आहे, पुण्याचा घरपत्ता आहे, खाली सही आहे. मजकुराचं सार इतकंच: तुम्ही चिरंजीव आहात असं तुमची माणसं सांगतात. म्हणजे तुम्ही आज कुठंतरी असणारच. तर सहा महिन्यांच्या आत हजर व्हा आणि तुमच्या मंत्रांचा प्रताप सगळ्या जगासमोर दाखवा. नाही आलात तर लोक काय समजायचं ते समजतील.

हे यंत्र कसं चालतं ते बारकाईनं बघा, कारण ते आपल्याला शिकायचंय. जोतीराव परशुरामाला खोटा म्हणत नाहीत. शिवी देत नाहीत. उलट समोरच्याचा दावा शंभर टक्के खरा धरतात. चिरंजीव ना? मग पत्ता असणार. पत्ता असेल तर नोटीस लागणार. नोटीस लागली तर हजर राहणं आलं. दावा त्यांचा, फक्त पुढची पायरी जोतीरावांची. आणि नोटीस ही इंग्रजी कचेरीतली चीज. ती रयतेच्या दारात यायची, सावकाराच्या दाव्यात, शेतसाऱ्यापायी. रयत तिला भीत असे. तोच कागद उलटा फिरवून त्यांनी देवाच्या दारात नेऊन लावला. ज्या कागदानं आम्हाला कोर्टात उभं केलं त्याच कागदानं आता तुझा अवतार उभा राहू दे, असा तो डाव आहे.

ही नोटीस रत्नागिरीत बसून वाचली की अंगावर काटा येतो. कारण परशुरामाचा पत्ता आपल्याच जिल्ह्यातला! चिपळूणजवळ त्याचं देऊळ, गावाचं नावच परशुराम. शेजारच्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत रसायनाचे कारखाने, तिथं आपली पोरं पाळीवर जातात. सगळ्या कोकणाला परशुरामभूमी म्हणतात. समुद्र हटवून त्यानं ही जमीन काढली म्हणे. जमीन त्यानं काढली म्हणजे सातबारा कुणाच्या नावावर, हे ओघानंच आलं. मालकी सांगायची अशी गोष्ट असते, तिला नुसती भाकडकथा म्हणून भागत नाही. जोतीरावांनी म्हणूनच त्याला भाकड म्हटलं नाही, हजर हो म्हटलं.

आणखी एक. याच पुस्तकात जोतीराव म्हणतात, परशुरामाशी निकरानं लढले ते महाअरी, म्हणजे मोठे शत्रू, त्यांचेच पुढं महार झाले. भाषाशास्त्राच्या फुटपट्टीनं ही व्युत्पत्ती टिकते का, हा वाद पंडितांनी घालावा. त्यांनी तरी शतकानुशतकं व्युत्पत्तीच्या नावाखाली दुसरं काय केलं? शब्दाचा उगम सांगणं हीसुद्धा सत्ता आहे, आणि ती जोतीरावांनी हिसकावून घेतली, हा मुद्दा.

५. दापोलीचा पेन्शनर आणि पुढं

दुसरं नाव आपल्याच जिल्ह्यातलं, आणि आपल्याच पोरांना कमी ठाऊक असलेलं. गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढळचे, पलटणीत हवालदार होते, १८८६ साली निवृत्त होऊन दापोलीला राहिले. दापोलीला तेव्हा आपल्या पलटणीतल्या पेन्शनरांची वस्ती होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळही पुढं निवृत्तीनंतर काही काळ तिथंच राहिले. वलंगकरांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिलं. त्याची रीत काय? प्रश्नांची. उच्चवर्णीय विद्वानांना, धर्म जाणणाऱ्यांना, नम्रपणे प्रश्न. विटाळ कुठून आला, कुठल्या आधारानं आला, तुम्हीच सांगा. हात जोडलेले आहेत आणि प्रश्नाला उत्तर नाही. हीच नोटिशीची पद्धत, फक्त आवाज खाली.

मग सत्यशोधक जलसे आले, १९३० च्या सुमारास भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे आले. तमाशाचा साचा घेतला, गण-गवळणीच्या जागी आपला मजकूर भरला. शिमग्याचं हसू होळीपाशी विझायचं. जलशाचं हसू सभेत, संघटनेत, पाणवठ्यावर जायचं. दारूच्या बैठकीतून निघालेला लॅम्पून आणि जलसा यात हाच फरक. आपलं विडंबन शुद्धीवर असलेल्या माणसाचं विडंबन आहे, सकाळी उठून तो ते नाकारत नाही.

बाबासाहेबांची 'रिडल्स' याच रांगेत बसतात. त्यांचेच ग्रंथ काढायचे, त्यांचीच वचनं मांडायची आणि विचारायचं, आता याचं काय? महाराष्ट्र शासनानं १९८७ साली हा खंड काढला तेव्हा राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून आग लागली, ते परिशिष्ट काढा म्हणून मोर्चे निघाले. ५ फेब्रुवारी १९८८ ला मुंबईत आपला प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी परिशिष्ट राहिलं, शासन या मतांशी सहमत असेलच असं नाही अशी टीप घालून. प्रश्न विचारणं हीच विटंबना, असं म्हणणारे आपल्यासमोर होते. तेव्हा आपण म्हटलं, उत्तर द्या, पुस्तक बंद करू नका.

६. मग गोगलगाईचं काय?

आता अवघड भाग. मे २०१२ मध्ये शंकर यांचं १९४९ चं एक व्यंगचित्र गाजलं. घटना ही गोगलगाय, तिच्यावर बाबासाहेब बसलेले, मागं नेहरू चाबूक उगारून, भोवती बघे. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात ते होतं. संसदेत गोंधळ झाला, चित्र काढून टाकलं, सल्लागार असलेल्या योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर यांनी राजीनामे दिले. पुण्याच्या विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली.

माझं मत स्पष्ट आहे, पटणार नाही त्यांनी पुढच्या अंकात लिहावं. ते चित्र निरागस नव्हतं. घटनेला दोन वर्षं अकरा महिने लागले, त्याचं ओझं कुणी वाहिलं हे चित्रकाराला ठाऊक असणार, तरी चाबूक कुणाच्या मागं आणि हसणारी गर्दी कुणाची, हे चित्रात दिसतंच. आपल्या मुलाला ते वर्गात बोचलं तर तो हळवा आहे म्हणून त्याला गप्प बसवणारा मी नव्हे. पण खुर्च्या मोडून काय सिद्ध झालं? १९८८ ला आपण म्हटलं, पुस्तक बंद करू नका, उत्तर द्या. तोच न्याय २०१२ ला लावायला हवा होता. उत्तर एका माणसानं दिलं. उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९४८ मधली, इंग्रजी वृत्तपत्रांतली बाबासाहेबांवरची शंभराहून अधिक व्यंगचित्रं गोळा केली, एकेकाखाली त्या वेळी खरं काय घडत होतं ते लिहिलं, आणि २०१९ मध्ये त्याचं पुस्तक केलं. चित्रकारांची जात, वर्तमानपत्रांची मालकी, बाबासाहेबांना बुटकं, रडकं, बाईसारखं काढायची खोड, सगळं त्यात उघडं पडलं. जुनी टिंगलच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली. ही पुन्हा नोटीसच. मोडलेल्या खुर्चीची बातमी दोन दिवस चालते, असलं पुस्तक पन्नास वर्षं चालेल.

७. तीन कसोट्या

शेवटी लिहिणाऱ्या पोरांसाठी, उपदेश म्हणून नाही, कामाची गोष्ट म्हणून.

पहिली, दाव्यावर हसा, जन्मावर नको. सह्याद्रिखंडात चित्पावनांच्या उत्पत्तीची चितेवरची कथा आहे. ती उचलून टर उडवायचा मोह होतो. नका उचलू. जन्मावरून माणूस मोजणं हे त्यांचं शास्त्र, ते त्यांच्यावर उलटवलं तरी शास्त्र तेच राहतं. जोतीरावांनी परशुरामाची मंत्रशक्ती धरली, तीच धरा.

दुसरी, हसणारे कोण आहेत ते मोजा. आपल्याच कवितावाचनात बायकोवर, सुनेवर, काळ्या मुलीवर विनोद होतात, गवळणीतल्या मावशीचाच नवा अवतार. शेजारच्या मातंग किंवा चर्मकार वस्तीवर चेष्टा होते. तिथं पुरुष हसतात, आपलेच हसतात. ही विटंबनाच, फक्त आपल्या घरची.

तिसरी, हसून झाल्यावर काय उरतं ते बघा. नोटिशीत तारीख होती, मुदत होती, मागणी होती. ढाल्यांच्या लेखात आकडे होते. मोबाईलवरच्या चित्रात काय आहे? कुणाचं तरी जाड पोट, नुसतं हसू असेल तर तो शिमगा आहे, परवा विझेल.

ड्रायडननं दोन वेळा सूट दिली होती, ज्यानं घोर अपमान केला आणि ज्याचा सगळ्या समाजाला उपद्रव आहे. जातिव्यवस्थेत दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या होतात. तेव्हा आपल्याला परवानगी मागायची गरज नाही, धार आणि नेम तेवढा पाहिजे.

परशुरामाची सहा महिन्यांची मुदत १८७३ सालीच संपली. तो अजून हजर झालेला नाही. त्याच्या नावानं जमिनीवर, देवळावर, भाषेवर हक्क सांगणारे मात्र रोज हजर असतात. पुढच्या नोटिसा त्यांच्या नावानं काढायच्या आहेत. लिहा, आणि पत्ता नीट घाला.

जय भीम.